मीठ शेवटी

आंबेखारच्या बायका मीठ शेवटी घालतात. आमटी असो की भाजी, आधी पाणी जिभेवर घेऊन बघायचं, मग भांडं चुलीवर चढवायचं, आणि सगळं शिजून झाल्यावर चाखून, अंदाज घेऊन मीठ टाकायचं. याला कारण गावची विहीर. खाडी अगदी पाठीशी, त्यामुळे अमावास्या-पुनवेचं उधाण आलं की विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि उधाण ओसरलं की पुन्हा बरं होतं. काल बेताचं झालेलं मीठ आज जास्त होतं. बाहेरून आलेली प्रत्येक नवी सून एकदा तरी तोंडात घालवणार नाही अशी खारट आमटी करते, आणि सासरा काही न बोलता ताट पुढे सारतो. क्रांती माणगावकडची, गोड पाण्याच्या गावातली. तिनंही ती केली होती. आता मात्र विहिरीवर कळशी भरतानाच तिची जीभ पाणी मोजते.

गेल्या पावसात खाडीचा बांध फुटला आणि तिच्या सासऱ्याच्या, कोंडाजीच्या, भाताच्या शेतात समुद्र उभा राहिला. लोंब्या आल्या त्या पोकळ. कोंडाजी तेव्हापासून रोज ओहोटीला बांधावर जातो, चिखलाची ढेकळं फुटलेल्या खांडीत टाकतो, आणि भरती ती रोज घेऊन जाते. गावात कुणी त्याला थांब म्हणत नाही, कारण थांबून तो करणार काय? मुलगा स्वप्निल, क्रांतीचा नवरा, मात्र बापाच्या जोडीला बांधावर गेला नाही. तो तळोज्याच्या एका कंपनीत लागला आणि कळंबोलीत खोली घेऊन राहिला. क्रांतीनं आणि छोट्या लेकीनं, हेमांगीनं, दिवाळीनंतर तिकडे जायचं, असं ठरलं होतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि क्रांती अजून शाळेच्या चुलीपुढेच होती.

शाळेचा स्वयंपाक सासूच्या, काशीच्या नावावर. गावच्या शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हापासून काशीनं पोरांना जेवू घातलं. ज्यांना तिनं वाढलं त्यांची पोरं आता तिथं जेवतात आणि तिला काशीआजी म्हणतात. पण गुडघे गेले तशी ती नावापुरती राहिली. नाव काशीचं, हात क्रांतीचे. मदतीला जहुरा. वरच्या मोहल्ल्यातल्या अब्दुस्समदची ती सून, नवरा कुवेतला.

जाऊ नको असं क्रांतीला कुणी म्हटलं नव्हतं. हेच तर अवघड होतं. कुणी अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तिनं एकदा विचारलं होतं, "आये, मी जाऊ का त्यांच्याकडं?" काशी लगेच म्हणाली, "जा की गो. कोन नको म्हनतंय? शालंचं मी बघंन." आणि दुसऱ्या दिवशी, बोलल्याप्रमाणे, ती खरोखरच शाळेत आली. भाताचं पातेलं उतरवायला वाकली आणि पातेलं घेऊन खाली बसली ती बसलीच. पेजेनं लुगडं भिजलं, पोटरी भाजली, आणि पोरं खिडकीतून बघत होती. जहुरानं काखेत हात घालून तिला उठवलं तेव्हा काशी हसत होती. ते हसू बघून क्रांतीला रडू आलं आणि रागही आला. त्यानंतर जायची गोष्ट घरात कुणी काढली नाही.

त्यात शाळेवर नव्या शिक्षिका म्हणून हेमाली मॅडम आल्या. बाई चांगली, यात वाद नाही. शाळेतलं जेवण म्हणजे पिवळा भात आणि वर तेलाचा तवंग, हे त्यांना बघवेना. त्यांनी तेल कमी करवलं, पुड्यातला मसाला बंद केला. शाळेमागच्या पडीक जागेत परसबाग केली: माठ, मुळा, दुधी, कडेनं शेवगा. तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्यांना जाऊ लागलं, भाजीची देठं आणि नारळाच्या शेंड्या खड्ड्यात जाऊन त्यांचं खत होऊ लागलं. धूर कमी करणारी चूल बसली. आठवड्यातून दोनदा मोड आलेलं कडधान्य सुरू झालं. पोरं ताटं चाटूनपुसून साफ करू लागली, गालांवर जरा तुकतुकी आली. सगळं उत्तम. फक्त ते वाफ्यांना घालायचं पाणी क्रांतीनं उचलायचं, माठ तिनं निवडायचा, खड्डा तिनं उकरायचा, आणि मोड काढायला कडधान्य रात्री घरी न्यायचं तेही तिनंच. मॅडम म्हणायच्या, "क्रांतीताई, तुमच्यामुळे हे शक्य आहे." क्रांतीला ते ऐकून बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच चीड यायची.

माघ लागता लागता स्वप्निलचा फोन आला.

"शिमग्यापर्यंत थांबतो मी. मग रूममध्ये कंपनीतली पोरं घेतो. एकट्याला भाडं झेपत न्हाय इथं."

"मी काय करू? आयेला कोन बघंल?"

"तू काय ते ठरव. मी तुला रोज रोज टेन्शन देत न्हाय," तो म्हणाला. पाठीमागे कुणीतरी हसत होतं. "हेमांगीला इंग्लिश शाळा हाय इथं जवळच. नंतर अ‍ॅडमिशन न्हाय भेटनार."

त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, की तालुक्याहून विनेश साहेब येणार आहेत. परसबाग बघतील, जेवण चाखतील. आवडलं तर आंबेखारची शाळा सगळ्या तालुक्याला दाखवायची.

"आनि न्हाय आवडलं तं?" क्रांतीनं विचारलं.

"तर मग गावात स्वयंपाक बंद. दुसरीकडे शिजवून टेम्पोतून डबे येतील. दोन शाळांचं तसंच झालंय." मॅडमचा चेहरा उतरला. "पण तुमच्या हातचं आवडणार नाही, असं होणारच नाही."

क्रांती माठ निवडत होती. तिचे हात चालूच राहिले. टेम्पोतून डबे आले तर काशीचं काम आपोआप जाईल. सुनेनं सोडलं असं होणार नाही, सासूला चुलीपुढे बसवून गेली असं कुणी म्हणणार नाही. साहेबांनीच बंद केलं म्हटल्यावर काय करणार? ती आणि हेमांगी शिमग्याआधी कळंबोलीत असतील. एवढी सरळ वाट आपल्याला आधी कशी दिसली नाही, याचं तिला नवल वाटलं.

साहेबांसाठी वालाचं बिरडं ठरलं. वाल वरच्या मोहल्ल्यातून आले, कारण खालच्या शेतांत यंदा काही पिकलंच नव्हतं. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल आदल्या संध्याकाळी कोमट पाण्याच्या परातीत ओतले आणि सगळं घर सोलायला बसलं. वाल चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, साल मागे राहते आणि आतली डाळिंबी मोडासकट पुढे सटकते. जोर झाला की तुटते. हेमांगीचे निम्मे तुटत होते. कोंडाजीच्या बोटांना बांधावरच्या चिखलाच्या भेगा पडलेल्या, त्यात पाणी शिरून तो हुश्श हुश्श करत होता, पण उठत नव्हता. काशी मात्र दुसरीकडे बघत सोलायची आणि तिच्या हातून एक तुटत नव्हता.

"सायबाला आवडलं पायजे बा," कोंडाजी म्हणाला.

"न आवडाया काय झालं?" काशी म्हणाली. "माज्या सुनेच्या हाताला चव हाय. माज्या हाताला बी नव्हती येवढी."

क्रांतीनं परातीत मान घातली. कोमट पाण्यात बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तिला वाटलं, या म्हातारीनं निदान एकदा तरी घालून पाडून बोलावं. पण काशी गोडच बोलत राहिली.

सकाळी जहुरा वरच्या विहिरीचं पाणी घेऊन आली. अब्दुस्समदची ती विहीर टेकाडावर, तिथं उधाण पोचत नाही. मोठा पाहुणा म्हणून त्यानं हंडे भरून दिले होते. हंडा उतरवून जहुरानं कमरेवर हात टेकले.

"शक्करवानी गोड हाय बग. आज मिठाचा अंदाज नीट घे."

भात झाला. शेवग्याच्या शेंगा घातलेलं बिरडं रटरटायला लागलं. माठाची भाजी कढईत खाली बसली, खोबरं पडलं. वास बाहेर गेला तशी वर्गातली पोरं चुळबुळायला लागली. जहुरानं मिठाची बरणी पुढे केली. क्रांतीनं ती घेतली आणि फळीवर ठेवून दिली.

"आपा, मी मीठ घालनार न्हाय."

"म्हंजे?"

"घालनार न्हाय. कुनी इचारलं तं सांगन, इसरले. आपलं पानी खारं, मीठ शेवटी घालायची सवय, आज गोड पानी व्हतं त्ये ध्यानात न्हाय ऱ्हायलं. आपल्याकडं कुनाची बी व्हईल आशी चूक."

जहुराला सगळं कळायला वेळ लागला नाही. ती चुलीतलं लाकूड मागे ओढून बसली.

"टेम्पो आला तं माजं बी काम गेलं," ती म्हणाली.

याचा विचार क्रांतीनं केला होता आणि करून बाजूला ठेवला होता. आता जहुराच्या समोर बसून तो पुन्हा करवेना. तिला स्वतःची लाज वाटली, पण हात बरणीकडे गेला नाही.

मग जहुरा पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जा. म्या गप ऱ्हाते. माजा मानूस दोन दोन वर्सं तोंड दावत न्हाय, बोलावतो बोलावतो म्हनून निका झाला तवाधरून सांगतो. येकीनं तरी जावं. अल्ला बगून घेईल माजं."

साहेब आले ते ऊन चढल्यावर. बारीक, घामाघूम माणूस, हातात रुमाल. मॅडमनी आधी चाखून बघायचं असतं, पण त्या पोरांना हात धुवायच्या रांगेत उभं करण्यात आणि साहेबांना सावलीत खुर्ची देण्यात गुंतल्या. साहेब बसलेच नाहीत, सरळ वाफ्यांकडे गेले. इतक्यात फाटकातून काशी आली. काठी टेकत, एकेका पावलाला थांबत, धुतलेलं लुगडं नेसून. घरी राहा असं क्रांतीनं दोनदा बजावलं होतं.

"आये, कशाला आलात? ऊन किती हाय."

"माज्या चुलीवर सायेब येनार आनि मी घरात बसू?" काशी दारातल्या पाटावर टेकली. "तू जा तिकडं. बोलावतात तुला."

मॅडम खरंच हाक मारत होत्या. क्रांती गेली. साहेब विचारत होते, पाणी कुठून येतं, खत कसं करता, माठाला कीड लागली तर काय करता. ती उत्तरं देत होती आणि अर्धं लक्ष मागे होतं. साहेब खाली बसून खड्ड्यातलं खत हातात घेऊन बघायला लागले. "वास नाही याला," ते म्हणाले. "मी दहा ठिकाणी बघितलं, सगळीकडे नाक धरावं लागतं." शेवग्याची शेंग त्यांनी मोडून पाहिली. ते बराच वेळ रमले. क्रांतीच्या मनात एकच गोष्ट होती, की थोड्या वेळात सगळं संपेल.

पंगत बसली. साहेब पोरांच्या ओळीतच मांडी घालून बसले, शेजारी हेमांगी. जहुरानं भात वाढला, क्रांतीनं बिरडं. वाढताना तिनं कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. प्रार्थना झाली आणि हात ताटात गेले. क्रांती भिंतीला टेकून वाट बघू लागली. आता पहिलं पोर तोंड वाकडं करील. आता कुणीतरी म्हणेल, बाई, मीठ.

पोरं खात राहिली. ओळीच्या टोकाचं एक पोर ताट पुढे करून म्हणालं, "बिरडं अजून." मग दुसरं म्हणालं. साहेबांनी शेंग चोखली, बोटं चाटली आणि हेमांगीला विचारलं, "रोज असंच असतं का गं?" हेमांगीनं तोंडात घास असतानाच जोरात मान हलवली.

क्रांती स्वयंपाकाच्या खोलीत गेली. डाव बिरड्यात बुडवला आणि तळहातावर घेऊन चाखलं. मीठ बेताचं होतं. अगदी जितकं हवं तितकं. भाजी चाखली, तिच्यातही होतं. बरणी फळीवरून खाली आली होती, आणि दाराशी पाटावर बसलेली काशी पदराला बोटं पुसत होती. जहुरा कोपऱ्यात उभी राहून मान नकारार्थी हलवत होती, म्या न्हाय काय बोलले, अशी.

पुढचं सगळं क्रांतीला लांबून चालल्यासारखं दिसलं. साहेब उभे राहून बोलले. मीठ बेताचं, तेल नावाला, सगळं इथल्या मातीतलं आणि पोरं आवडीनं खातात, यापेक्षा आणखी काय हवं, म्हणाले. तालुक्यातल्या स्वयंपाकी बायका दर शनिवारी इथं शिकायला येतील, म्हणाले. "आणि मॅडम, या बाईंना कुठे जाऊ देऊ नका." सगळे हसले. मग काशी काठीवर जोर देऊन उठायला लागली, उठवेना, तरी बसल्या जागेवरूनच हात जोडून म्हणाली, "सायेब, माजं नाव काडा आनि माज्या सुनेचं घाला. सगळं तीच करतेय. मी आता काय कामाची?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी क्रांतीला पुढे ओढलं, हातात डाव देऊन फोटो काढला. "दोन शब्द बोला ना, क्रांतीताई." क्रांती म्हणाली, "काय बोलू?" आणि लोकांना तो तिचा साधेपणा वाटला.

भांडी घासून होईतो स्वप्निलचा फोन आला. फोटो त्याच्याकडे पोचला होता.

"लई भारी दिसतेस. गावच्या ग्रुपवर सगळे बोलतायत. आता तुझं नाव लागलं म्हने?"

"व्हय."

"मग आता कशी येनार तू?" त्याच्या आवाजात चीड नव्हती, उलट सुटल्यासारखं काहीतरी होतं. "बरं झालं तसं. आयेला पन सोबत. मग त्या पोरांना रूममध्ये घेऊ ना?"

"घ्या," क्रांती म्हणाली.

ऊन कलल्यावर सासू-सुना घरी निघाल्या. हेमांगी मैत्रिणींबरोबर पुढे पळाली. खाडीच्या कडेनं वाट, एका बाजूला मीठ फुटून पांढरी पडलेली शेतं. लांब बांधावर कोंडाजी वाकून चिखल टाकत होता. काशी अर्ध्या वाटेत दमली आणि मैलाच्या दगडावर बसली. क्रांती तिच्यापुढे उभी राहिली. तिला आता धीर धरवेना.

"मीठ तुम्ही घातलंत."

"व्हय."

"मला इचारायचं तरी."

काशीनं काठी मांडीवर आडवी घेतली. "आधी वाटलं, इसरलीस. चाखलं तं काय लागना जिभेला. तुजं नाव जाईल म्हनून बरनी घेतली. मंग जहुराचं त्वांड बगितलं. ती बया काय बोलली न्हाय, पन त्वांड कसं लपंल? तवा समजलं. तू इसरनारी न्हायस."

"समजलं व्हतं तरी घातलंत?"

"समजल्यावरच घातलं गो."

आयुष्यात पहिल्यांदा क्रांतीला या म्हातारीला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. "का?" ती ओरडली. "माजं काय चुकलं व्हतं? मी जाते म्हनलं तवा तुम्ही जा म्हनालात. कोन नको म्हनतंय, म्हनालात!"

"त्ये त्वांडानं म्हनले." काशी क्रांतीकडे न बघता शेतांकडे बघत होती. "ह्यो मानूस दिवसभर बांधावर. पोरगा तिकडं. तू गेलीस, ती चिमनी गेली, तं मी त्या घरात कुनाचं त्वांड बगू? मला भ्याव वाटलं. बरनी फळीवर व्हती, उठवत न्हवतं, तरी उठले. कशी उठले त्ये माजं मलाच ठावं न्हाय."

क्रांतीकडे बोलण्यासारखं खूप होतं, पण त्यातलं एकही या बाईला ऐकवण्याजोगं नव्हतं. ती वळली आणि चालू लागली. भराभरा गेली, वळणावरच्या सुरूच्या झाडांपर्यंत गेली. तिथून गाड्यांचा रस्ता दिसतो. काशीदच्या किनाऱ्याकडून आलेल्या पर्यटकांच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. लहानपणी शाळेच्या वाटेवर वाटायचं, तसं तिला वाटलं, की आता हात केला तर यातली एखादी थांबेल. तिनं हात केला नाही. मागे वळून बघितलं तर काशी दगडावरून उठायचा प्रयत्न करत होती. काठी रोवायची, ढुंगण जरा उचलायची, आणि पुन्हा खाली बसायची. हाक मारत नव्हती.

क्रांती परत आली. हात पुढे केला. काशीनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि क्रांतीनं पाय रोवून तिला ओढून उभी केली. उठल्यावरही म्हातारीनं हात सोडला नाही. दोघी तशाच चालू लागल्या.

थोडं पुढे गेल्यावर काशी म्हणाली, "उद्या पुनव हाय. उधाण येईल. पानी चाखून घे."

"घेते," क्रांती म्हणाली.